टाकी कुणाच्या दारात

वेलचेरीत उन्हाळा आला हे मला कॅलेंडरवरून कधीच कळत नाही. कळतं ते आवाजावरून. सकाळी आमच्या इमारतीच्या फाटकाशी टँकर येऊन थांबतो, त्याचा जाड पाइप फरशीवरून घासत जमिनीखालच्या टाकीपर्यंत ओढला जातो, आणि मग आत पाणी कोसळायला लागतं. पोकळ, गार, खोल आवाज. मी स्वयंपाकघरात हातातलं काम सोडून उभी राहते. पावसाळ्यात याच रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, चपला हातात घेऊन चालावं लागतं. आणि उन्हं तापली की त्याच रस्त्यावरून पाणी लॉरीत बसून येतं. आमच्या सांगलीला कृष्णा होती. उन्हाळ्यात ती रोडावायची, पण असायची. इथलं पाणी पाहुण्यासारखं. आलं तर घर भरून येतं, गेलं की पत्ता ठेवत नाही.

तो आवाज चालू असेपर्यंत मी वेलचेरीत नसते. मी पश्चिम मांबलमच्या एका अरुंद गल्लीत असते. चेन्नईला तेव्हा आम्ही मद्रास म्हणायचो. यांची बँकेतली बदली होऊन आम्ही नव्यानेच तिथे आलो होतो. टी. नगरच्या साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांची गर्दी रेल्वेच्या अलीकडेच थबकायची. रूळ ओलांडले की पलीकडे एकदम तुळशीवृंदावनं, दारासमोरच्या कोलमच्या रांगोळ्या आणि भाजलेल्या कॉफीचा वास. त्या गल्लीत एका जुन्या घराच्या माडीवरचा पोर्शन आम्हाला मिळाला. दोन खोल्या, एक गच्ची आणि खाली उतरायला बाहेरून दगडी जिना.

घरमालक राव, तंजावरकडचे मराठी. घर बघायला गेले तेव्हा त्यांची बायको दारात उभी होती. नऊवारी नव्हे, पण कासोट्याची आठवण यावी असं काहीतरी त्यांच्या उभं राहण्यात होतं.

"ये गे बाळे. कोठील तुम्ही?"

"सांगलीच्या."

"सांगली कोठें आहे तें मज ठाऊक नाहीं. आम्ही लोक इकडे येऊन किती पिढ्या झाल्या, देवास ठाऊक. पण तूं मराठी बोलतेस, तेवढें पुरें. अत्तां कापी घे."

एखाद्या बखरीचं पान उठून दारात यावं आणि त्याने तमिळ हेल काढून बोलावं, तसं ते मराठी. मी हसले. त्याही हसल्या. माझं मराठी त्यांना फार घाईचं वाटायचं, "धांवतेस कां बोलतांना?" म्हणायच्या. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची. मी काकू म्हणायला लागले, आणि ते त्यांना आवडलं. गल्लीत तमिळच बोलायचे सगळे. मराठी फक्त त्या घरात होतं, आणि आमच्या माडीवर.

तिथला तो पहिला उन्हाळा. त्या सगळ्या दिवसांवर एक झोपेची साय धरलेली आहे. तमिळ लोक उन्हाळ्याच्या ऐन मध्याला कत्तिरी म्हणतात. अग्निनक्षत्राचे दिवस. सकाळी कोलम घालून होत नाही तोच उजेड पांढरा व्हायचा. दुपारी गल्ली कुणीतरी पुसून टाकल्यासारखी रिकामी. भिंती आतून तापायच्या, रात्री त्यांना पाठ लावली तर ऊब यायची. ताडगोळेवाल्याची हाक लांबून यायची आणि वाटेतच वितळून जायची. गच्चीवर आम्ही साबुदाण्याचे वडाम घालायचो. काकू त्यांना वडाम म्हणायच्या, मी पापड्या म्हणायची. जुन्या धोतरावर ओळीने मांडलेले ते ओले पांढरे गोल, आणि त्यांच्याकडे बघता बघता डोळे मिटायचे. अर्धवट झोपेत मला कृष्णेचा घाट दिसायचा. मी पायऱ्या उतरतेय, उतरतेय, आणि पाणी एकेक पायरी खाली सरकतंय.

मग दुपार कलंडताना कधीतरी समुद्रावरून वारा यायचा. तो येईपर्यंत सगळं शहर श्वास धरून असायचं. आधी माडाच्या झावळ्या हलायच्या, मग दोरीवरचे कपडे, मग खिडकीचे पडदे. एकेक दार उघडायचं. बायका मोगरा माळून ओट्यावर येऊन बसायच्या. दारापुढच्या त्या सावलीच्या ओट्याला तिण्णै म्हणतात. गल्लीची सगळी बातमी त्या तिण्णैवर जन्मायची.

आणि जी छापण्याजोगी असायची ती रावांकडे जायची.

रावकाकांची सगळी नोकरी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या हाताला शाई लागल्याशिवाय चैन पडेना, म्हणून ते महिन्यातून दोनदा गल्लीचं एक पत्रक काढायचे. एक कागद, दोन्ही बाजूंनी, सायक्लोस्टाइल केलेला, तमिळमध्ये. त्याला नाव नव्हतं. लोक त्याला "राव पेपर" म्हणायचे. गल्लीच्या तोंडाशी दिव्याचा खांब वाकला आहे, संबंधितांनी लक्ष द्यावं. पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापाशी किल्ल्यांचा जुडगा सापडला आहे. पंकजम मामींच्या नातवाचं बारसं झालं. बसचा थांबा पुढे सरकवायचा घाट आहे, आपलं काय मत? मोठ्या वर्तमानपत्रात दिल्लीचं सरकार पडायचं, इथे फक्त नळाचा दाब पडायचा. पण लोक आधी हे वाचायचे.

बोललेलं तमिळ मला एव्हाना कळू लागलं होतं, पण वाचता येत नव्हतं. रावकाका मला ते पत्रक मराठीत वाचून दाखवायचे, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवायचे. त्या कागदावरच मी तमिळ बाराखडी शिकले. आपल्या आपण वाचलेला माझा पहिला शब्द होता तण्णीर. पाणी. त्या उन्हाळ्यात तो शब्द पत्रकात इतक्या वेळा येत होता की न शिकून सांगते कुणाला.

राव पेपरात सगळ्यांच्या घरातलं सगळं असायचं. फक्त रावांच्या घरातलं काही नसायचं.

त्यांच्या घरात वत्सला होती. एकुलती एक मुलगी, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन सेलमला गेलेली. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात माहेरी आली आणि परत गेली नाही. काकू गल्लीत सांगायच्या, "बरं नव्हतं तिला, विश्रांतीसाठी आणलंय. जाईल आता." ते "आता" वर्षभर चाललं होतं. वत्सला पुढच्या खोलीत यायची नाही. कुणाची चाहूल लागली की तिची पावलं मागच्या चौकाकडे वळायची. मला ती आधी आवाजानेच माहीत झाली. दुपारी सगळं निपचित पडलेलं असताना खालून कुणीतरी अगदी हलक्या आवाजात गुणगुणत तांदूळ निवडायचं. पुढे ती जिन्याने वर यायला लागली, माझ्याबरोबर वडाम घालायला. गच्चीवर शेजाऱ्यांची नजर पोचत नाही अशा बाजूला बसायची. फार बोलायची नाही. पण बोलली की हसायची, आणि हसताना तोंडावर हात धरायची, जणू तेही कुणाला दिसायला नको.

त्या वर्षी पाणी गेलं. आधीचा पाऊस चुकला होता. नळ नुसते सुस्कारायचे. गल्लीतला हातपंप दांडा हलवून हलवून माणूस थकला तरी लाल चिखलाची गुळणी टाकायचा. बायका पहाटे कमरेवर रंगीत प्लास्टिकचे कुडम घेऊन रुळांपलीकडे जायच्या. कुडम म्हणजे घागरीच्या आकाराचा हंडा. निळे, केशरी, पोपटी. लांबून बघितलं तर एखादी जत्रा निघाल्यासारखं वाटायचं. जवळ आल्या की त्यांचे चेहरे दिसायचे.

इतर गल्ल्यांना काळ्या टाक्या मिळाल्या होत्या. रस्त्याच्या कडेला एक चौथरा, त्यावर मोठी काळी गोल टाकी, खाली नळ. लॉरी येऊन ती भरून जायची. आपल्या गल्लीला ती मिळावी म्हणून रावकाका किती दिवस खेटे घालत होते. शेवटी एका संध्याकाळी एक तरुण इंजिनिअर स्कूटरवरून आला. टाकी मंजूर झाली होती. प्रश्न एकच होता. ठेवायची कुठे?

गल्ली इतकी चिंचोळी की लॉरी उभी राहील आणि बाजूने सायकल जाईल अशा जागा तीनच. कोपऱ्यावरच्या वकिलांच्या बंगल्यासमोर, पिल्लैयारच्या देवळासमोर, किंवा रावांच्या दारासमोर.

रावांच्या तिण्णैवर सगळे जमले. वारा नुकताच सुटला होता. काकूंनी ताक केलं होतं, आलं आणि कढीपत्ता घालून, आणि पेले वाटायला मी खाली आले होते. काकू स्वतः उंबऱ्याच्या आत, दाराआड उभ्या होत्या.

"टाकी व्हायलाच हवी," वकील म्हणाले. "त्याबद्दल दुमत नाही. पण माझ्या फाटकातून गाडी बाहेर कशी काढू? शिवाय पक्षकार येतात. दारात भांडणं चाललेली बरी दिसत नाहीत."

"देवळापुढे चिखल होईल," पंकजम मामी म्हणाल्या. समोरच्या घरात राहायच्या त्या. गल्लीतलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "कुठले कुठले लोक चिखलाचे पाय घेऊन येतील. देवाच्या दारात रांग लावायची ती देवासाठी."

सगळ्यांना पाणी जवळ हवं होतं आणि टाकी लांब. कुणी वाईट नव्हतं त्यात. टाकी म्हणजे काय ते सगळ्यांनी दुसऱ्या गल्ल्यांमधून पाहिलं होतं. उजाडल्यापासून दारात बायकांचा घोळका, शिव्या, सांडलेलं पाणी, डास, आणि आपल्या घरात काय शिजतंय इथपासून कोण रडतंय इथपर्यंत सगळं बाहेर.

इंजिनिअरने घड्याळ बघितलं. "उद्या विटा घेऊन माणसं येतील. जागा ठरली नसेल तर टाकी शेजारच्या गल्लीला जाईल. त्यांनी कधीच जागा दिलीय."

तेव्हा रावकाका म्हणाले, "मग आमच्या दारात ठेवा."

तमिळमध्ये म्हणाले. आणि दाराआडून मराठी आलं.

"नक्को. आपल्या दारीं नक्को."

रावकाकांनी मान वळवली नाही. समोर बघतच मराठीत विचारलं, "कां?"

"सारी गल्ली दारीं उभी राहील. पोर दिसेल. विचारतील. काय सांगणें?"

"सांगूं कांहीतरी."

"वर्ष झालें, कांहीतरीच सांगतें आहें. अत्तां कोण ऐकेल? पोरीस लोकांपुढें उभी करूं नका. मी पाया पडतें तुमच्या."

ओट्यावर बसलेली पंधरा-वीस माणसं शांतपणे ताक पीत होती. कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं. माझ्या हातात तबक होतं, आणि मला सगळं कळलं होतं. आपल्याला भाषा येते याची लाज वाटावी असा तो एक क्षण. रावकाकांची नजर माझ्या नजरेला लागली आणि खाली गेली.

"मामी काय म्हणतात?" वकिलांनी विचारलं.

"म्हणते, ताक कमी पडलं तर आणखी करते," रावकाका म्हणाले.

कुणीतरी हसलं. "मामींचं ताक कधी कमी पडलंय?" वाऱ्यावर दारावरच्या आंब्याच्या वाळक्या डहाळ्या खडखडल्या. ज्या माणसाने या टाकीसाठी एवढी पायपीट केली, तो स्वतःच देऊ केलेली जागा आता ना देत होता ना परत घेत होता. इंजिनिअर उठला. त्याने कागद गुंडाळला, स्कूटरची किल्ली काढली.

"अप्पा, इंगेये वैक्कट्टुम."

इथेच ठेवू देत. आवाज वत्सलाचा होता, आणि भाषा तमिळ होती. तिने मराठीत म्हटलं असतं तर ते घरात राहिलं असतं. आईवडिलांनी ते गिळलं असतं, ताकाचं आणखी एखादं निमित्त केलं असतं. ते तिला ठाऊक होतं.

ती काकूंच्या मागून पुढे आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. हात ओले होते, ते पदराला पुसत होती. वर्षभर जिला कुणी धड पाहिलं नव्हतं तिच्याकडे गल्लीने पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी एक हात मुलीला मागे ओढायला पुढे केला होता. तो तसाच हवेत राहिला.

"इथे लॉरी नीट उभी राहील," वत्सला इंजिनिअरला म्हणाली. "चौथरा या बाजूला करा, म्हणजे रांग सावलीत येईल."

त्याने कागद पुन्हा उलगडला.

टाकी आली. पहिल्यांदा लॉरी आली तो दिवस मला स्वप्नासारखा आठवतो, म्हणजे आधीचं आणि नंतरचं काही आठवत नाही, नुसता मधला तुकडा. टाकीत पाणी पडायला लागलं आणि तो आवाज भिंतीभिंतींतून घरात शिरला. लोक बोलायचे थांबले. एका म्हाताऱ्या बाईने टाकीच्या काळ्या अंगाला तळहात लावून ठेवला, आत पाणी चढतंय ते तिला तिथून कळत होतं. मग नळ उघडले, आणि कुडममध्ये पाणी पडताना जो स्वर निघतो, खर्जातून चढत चढत बारीक होत जाणारा, तो चारी बाजूंनी.

वत्सला केशरी कुडम घेऊन रांगेत उभी राहिली. आपल्याच दारातली टाकी, पण रांगेत.

पंकजम मामी तिच्या मागे होत्या. त्यांनी फार वाट पाहिली नाही.

"काय गं, नवरा कधी येतोय न्यायला?"

"नाही येणार, मामी. मी परत जाणार नाही."

हे वाक्य त्या घरात तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. मराठीतही नाही आणि तमिळमध्येही नाही.

पुढच्या राव पेपरात पहिल्या पानावर टाकीची बातमी होती. रावकाकांनी माझ्यापुढे कागद धरला आणि बोट न ठेवता म्हणाले, "तूंच वाच." मी अडखळत वाचलं. गल्लीला पाण्याची टाकी मिळाली आहे. ती रावांच्या घरासमोर बसवली आहे. जागा त्या घरात राहणाऱ्या वत्सला यांनी सुचवली. एका शब्दाशी मी अडले. त्यांनी सांगितलं, "वसिक्कुम. म्हणजे राहणारी. वसणारी." मग चष्मा काढून धोतराने पुसत बसले, बराच वेळ.

काकू मात्र वत्सलाशी बोलेनाशा झाल्या. राग म्हणावा तर आवाज चढला नाही. त्या तिला जेवायला वाढायच्या, तिच्या केसांना लावायचं तेल तिच्या पुढ्यात ठेवायच्या, तिचं अंथरूण झटकून द्यायच्या. बोलायच्या तेवढ्या नाहीत. काही सांगायचं झालं तर रावकाकांना सांगायच्या, वत्सला समोर असताना. "तीस सांगा, भात निवतो आहे." पायऱ्यांवरून उतरताना मला ते ऐकू यायचं. गल्लीत कुजबुज सुरू झालीच होती. रांगेत कुणी वत्सलाच्या कुडमपासून आपला कुडम थोडा लांब सरकवायचं. कुणी तिला मुद्दाम ऐकू जाईल असं देवाधर्माचं बोलायचं. ते सगळं ती सोसत होती. घरातलं ते मात्र तिला सोसवत नव्हतं.

एका दुपारी आम्ही वाळलेले वडाम धोतरावरून सोडवत होतो. उन्हाने आकाश पिवळट झालं होतं. वारा यायचा होता. काकूंसारख्याच जुन्या मराठीत, जे आता मला माझ्याच मराठीत आठवतं, ती म्हणाली, "तुला कधी वाटलं नाही विचारावं, मी का आले ते?"

"वाटलं. पण तू सांगशील तेव्हा."

तिने एक वडाम अलगद सोडवला, न मोडता. "तिकडे मला कुणी मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. मूल झालं नाही म्हणून आधी बोलले, मग बोलायचे थांबले. सगळं घर. नवरासुद्धा. वाढायचे, कपडे आणायचे, सणाला साडी द्यायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. दिवसचे दिवस. मी स्वयंपाकघरात स्वतःशी गुणगुणायला लागले, आपला आवाज आहे का जागेवर ते बघायला." मग तोंडावर हात न धरता हसली, पण ते हसू नव्हतं. "आणि आता इथेही."

"काकूंना हे माहीत आहे?"

"त्यांनी विचारलंच नाही. मारतो का, विचारलं. पितो का, विचारलं. नाही म्हटलं. मग त्यांना कळेना, मी का आले."

त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेले. त्या देवापाशी वाती वळत बसल्या होत्या. कसं सांगावं ते मला कळत नव्हतं. माझं घाईचं मराठी त्या दिवशी पाय ओढत चाललं. मी ऐकलं ते सगळं सांगितलं. शेवटी एवढंच म्हटलं, "काकू, तिकडे तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. तुम्ही तरी बोला."

त्यांचा हात कापसावर थांबला. वर बघितलं नाही. मग पुन्हा वात वळायला लागल्या. ती वात लांबच लांब होत गेली, समईला चालणार नाही इतकी. मी उठून वर आले. आपण नको त्यात पडलो असं वाटून मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्या माणसांचं पुढे काय झालं, हे मला वेलचेरीच्या या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहिलं की क्रमाने आठवत नाही. पाण्यावरच्या उजेडासारखं हलत येतं. त्या वर्षी आश्विन-कार्तिकात पाऊस आला आणि हातपंपाने पुन्हा तोंड उघडलं. टाकी तरीही पुढची काही वर्षं होती, तिच्या चौथऱ्याला शेवाळ धरलं. रावकाकांची नजर अधू झाल्यावर राव पेपर वत्सला लिहायला लागली, आणि तिच्या हातात त्यात बसच्या थांब्याबरोबर बायकांसाठी दिवा हवा, गटाराला झाकण हवं, असल्या गोष्टी आल्या. ती टायपिंग शिकली आणि मग एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागली. संध्याकाळी तिथून जाताना मशीनचा खडखडाट ऐकू यायचा आणि त्यावरून तिचा ठणठणीत आवाज, बोटं कुठे ठेवायची ते सांगणारा. आम्ही घर बदललं, मग पुन्हा बदललं. रावकाका गेले, काकू गेल्या. ते घर पाडून तिथे फ्लॅट झाले. त्यातल्याच एकात ती राहते. मी कधी गेले की आम्ही मराठी बोलतो, आणि तिचं मराठी अजून तसंच आहे, सावकाश, मागल्या दोनशे वर्षांचं.

पण आज पाइपातून पाणी पडताना मला दिसली ती त्या उन्हाळ्यातली पुढची लॉरी. मी वाती वळणाऱ्या काकूंशी बोलून आले, त्यानंतरची.

भर उन्हात आली ती. सावली टाकीच्या पलीकडे गेलेली. रांग दारापासून वकिलांच्या बंगल्यापर्यंत. मी जिन्यावर होते, दोन्ही हातांत कुडम. वत्सला रांगेच्या मधोमध, डोक्यावर ऊन घेऊन. पंकजम मामी पार पुढे, नळाशी कुडम लावून होत्या, आणि शेजारच्या नळावरच्या बाईला सांगत होत्या, आवाज मुळीच न लपवता.

"म्हाताऱ्या आईबापांच्या जिवाला घोर. मी असते तर हात धरून पोचवून आले असते. मुलीची जात, किती दिवस ठेवणार?"

दार उघडलं. काकू बाहेर आल्या. त्या टाकीशी कधी येत नसत. त्यांचं पाणी वत्सला नाहीतर मी भरायची. त्या चौथऱ्याला वळसा घालून सरळ पंकजम मामींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. चेहरा दमलेला होता, पण आवाज स्वच्छ. तमिळमध्ये बोलल्या, सगळ्या रांगेला कळेल असं.

"पंकजम, ती इथे राहते. आमच्याकडे. तिला तिथे राहायचं नव्हतं, म्हणून आली. यापुढे काही विचारायचं असलं तर मला विचार, उन्हात तिला छळू नको. आणि तुझा कुडम भरून वाहतोय, बघ."

पंकजम मामींनी खाली बघितलं. पाणी खरंच वाहत होतं. त्यांनी घाईने नळ बंद केला, कुडम उचलला, आणि तो कमरेवर घेता घेता हळूच म्हणाल्या, "माझं काय, मी आपली काळजीने म्हटलं." त्यात खोटं होतं असंही नाही.

काकू वत्सलाकडे वळल्या. किती दिवसांनी तिच्याकडे सरळ बघत होत्या. तोंड उघडलं, पण शब्द लगेच आला नाही. वत्सला नुसती आईच्या तोंडाकडे बघत होती, जसं टाकीत पाणी पडायच्या आधी सगळी रांग पाइपाकडे बघायची.

"वत्सू," काकू मराठीत म्हणाल्या, "उन्हांत कां उभी आहेस? आंत जा. माठांतलें पाणी पी. मी धरतें तुझी जागा."

वत्सलाने कुडम त्यांच्या हातात दिला. काकूंनी पदर डोक्यावरून घेतला आणि रांगेत उभ्या राहिल्या.